जानकीच्या पोटातले जंत

प्रार्थनेची शेवटची ओळ चालू होती, तेवढ्यात पहिलीच्या रांगेतली जानकी भोये वाकली आणि ओकली. ओकण्यात सकाळचा उपमा होता, पाणी होतं, आणि त्यात वीतभर लांबीचं, पांढुरकं गुलाबी काहीतरी वळवळत होतं.

मुली मागे सरकल्या. रांग मोडली. जानकीच्या ओठांतून आणखी एक लोंबत होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. सहा वर्षांची पोर ती. तिने तो दोन बोटांत धरला, शेंबडाची तार ओढावी तसा ओढून काढला, आणि आता याला कुठे टाकायचं म्हणून माझ्याकडे पाहिलं. त्या आवारात कशाची जागा कुठे, ते मीच ठरवत असे.

"टाक तो," तोंडाला पदर लावून मी म्हटलं. "टाक आधी. आणि लांब जाऊन बस."

ती कुंपणाजवळच्या दगडावर जाऊन बसली. दुपारपर्यंत तिच्याजवळ कोणी गेलं नाही. खरं म्हणजे मी कोणाला जाऊ दिलं नाही.

ही शहाऐंशी सालची, दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. सुरगाण्याच्या बाजूला मुलींच्या एका आश्रमशाळेत मी अधीक्षिका म्हणून लागले, त्याला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. माझं वय पंचवीस. आसपासच्या पाड्यांवरच्या एकशे दहा मुली तिथे राहायच्या, आणि त्यांचं उठणं, अंघोळ, जेवण, झोपणं सगळं माझ्याकडे होतं. मी नाशकात वाढलेली. मला किळस फार लवकर येई. भातात केस निघाला तर पुढची दोन जेवणं जात नसत. आई म्हणायची, "उषाचं नाक म्हणजे पोलीस आहे, कुठेही झडती घेतं." सोवळ्यातल्या घरात हा गुणच मानला जाई, आणि मीही तो गुणच समजत होते.

दुपारी आरोग्य केंद्रातले डॉक्टर शेख मोटारसायकलवरून आले. नुकतेच शिकून आलेले, काटकुळे, बोलताना चष्मा सारखा वर सरकवणारे. त्यांनी जानकीला मांडीवर आडवी घेतली आणि पोट दाबून पाहिलं. तिच्या फ्रॉकला ओकारी लागलेली होती, ती त्यांच्या पॅंटला लागली. मला बघवेना.

"एकीला एवढे आहेत म्हणजे सगळ्यांना आहेत असंच धरून चला," ते म्हणाले. "सगळ्यांना औषध देऊ. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, तीन दिवस."

"माझ्या मुली रोज अंघोळ करतात, डॉक्टर."

"अंघोळीचा काय संबंध, बाई? याची अंडी तोंडावाटे पोटात जातात. ज्याच्या पोटात जंत आहेत त्याच्या शौचातून ती मातीत येतात, मातीतून हाताला, भाजीला, पाण्याला लागतात. साध्या डोळ्यांना दिसत नाहीत."

गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं ते सांगताना आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ओकारीआधी सुटतं तसलं. सहा संडास होते. प्रत्येकात पांढरे गुंते पडलेले. काही मुलींना संडासापर्यंत पोचताच आलं नाही. वऱ्हांड्यात, नळावर, अंथरुणात, सगळीकडे. लहान पोरी एकमेकींना बोलावून दाखवत, "माझा बघ केवढा." मला त्या दाखवण्याचीच जास्त शिसारी आली. शेवया पुढे कित्येक वर्षं मी ताटात वाढून घेऊ शकले नाही.

तिसऱ्या दिवशी संडासामागचा शोषखड्डा भरून वर आला. झाकणाच्या फटीतून मैला बाहेर आला होता आणि त्यात ते तरंगत होते, काही अजून हलत होते. मी धवळूला बोलावलं. धवळू आमचा माळी आणि चौकीदार, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याला मी ते साफ करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे काही नव्हतं. झाकणावर फिनेलचा वास होता. मला बरं वाटलं.

मग अहवाल लिहिण्याची वेळ आली. मुख्याध्यापक खैरनार सरांच्या टेबलाशी बसून मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला. कारणाच्या रकान्याशी थांबले.

"थांबलात का?" सर म्हणाले. "लिहा ना, पालकांच्या अस्वच्छ सवयी. सुट्टीत घरी जातात, घरून घेऊन येतात आणि आपण निस्तरतो."

मला ते पटलंच होतं. मी लिहिलं, खाली सही केली.

त्यानंतर मी शिस्त कडक केली. दर रविवारी नखं कापायची. इतकी खोल कापायची की दोन-चार जणींच्या बोटांतून रक्त यायचं. जानकीला मी पंगतीच्या अगदी शेवटी बसवू लागले आणि अंघोळीलाही शेवटी. कारण विचारलं असतं तर मी स्वच्छतेचं सांगितलं असतं. पण कोणी विचारलं नाही. ती गुपचूप शेवटी बसायची आणि माझी नजर तिच्यावर गेली की हात मागे लपवायची.

त्या हिवाळ्यात आमची परसबाग अशी फोफावली की बघत राहावं. शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे उतारावर दहा-बारा वाफे होते. पालकाची पानं तळहाताएवढी, कोथिंबीर गुडघ्याला लागणारी, मुळे तर मनगटाएवढे. पाहणीला आलेल्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मुली मधल्या सुट्टीत गाजर, मुळा उपटून फ्रॉकला पुसून खायच्या आणि मी त्यांना अडवत नसे. मुलं कच्ची भाजी खातात याचा मला अभिमान वाटे. मी स्वतः वाफ्यांकडे फारशी जात नसे. धवळू रोज टोपली भरून आणून देई. त्यातली कोथिंबीर मी एका पाण्यातून काढून माझ्या वरणावर चिरून घाली.

मार्चमध्ये जानकीचं पोट पुन्हा दिसू लागलं. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं मडक्यासारखं. जेवताना मधेच उठायची, पोट धरून भिंतीशी बसायची. तिच्यासारख्या अजून पंधरा-वीस होत्या. मी शेखांना निरोप पाठवला, पण त्यात माझा सूर तक्रारीचा होता. औषध चांगलं नव्हतं, असा.

शेख आले, दोन-चार पोटं तपासली आणि म्हणाले, "या वेळी आधी तपासणी करू. प्रत्येकीने काडेपेटीत शौचाचा नमुना आणायचा. वर नाव लिहायचं. शिक्षकांनीसुद्धा, आणि तुम्हीसुद्धा."

"मी कशाला?"

"सगळे एकाच आवारात राहता म्हणून."

एकशे वीस काडेपेट्या एका गोणीत भरून त्यांच्या मोटारसायकलला बांधल्या. त्यातली एक माझी होती. नाव लिहिताना मी डाव्या हाताने, वेडंवाकडं लिहिलं, जणू ती दुसऱ्याच कोणाची असावी.

चार दिवसांनी ते परत आले. आम्ही ऑफिसात बसलो होतो, खैरनार सरही होते. शेखांनी यादी टेबलावर ठेवली. त्र्याऐंशी मुलींच्या नावापुढे खूण होती. खाली कर्मचाऱ्यांच्या यादीत दोनच नावांपुढे खूण. एक धवळू, आणि दुसरं माझं.

मी यादीकडे बघत राहिले. माझ्या पोटात. मला वाटलं, आत काहीतरी सरकलं. तसं होत नसतं, शेखांनी पुढे सांगितलं. पण त्या क्षणी मला सरकल्यासारखं वाटलं, आणि मी पोटावरचा हात पटकन काढून घेतला.

"चूक झाली असेल नमुन्यात," सर म्हणाले.

"दोनदा पाहिलं मी." शेख माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही कधी पाड्यावर जेवता?"

"नाही. पाणीसुद्धा पीत नाही."

"मग हे घरून आलेलं नाही. औषधाने मुलींचे जंत नोव्हेंबरमध्ये गेले होते, हे पुन्हा इथेच झालेले आहेत. तुम्ही, धवळू आणि मुली मिळून असं काय खाता, जे बाकीचे शिक्षक खात नाहीत?"

बाकीचे शिक्षक गावात राहत, घरून डबा आणत. मला उत्तर सुचायला वेळ लागला नाही.

"बागेतली भाजी."

आम्ही तिघे मागच्या भिंतीपलीकडे गेलो. धवळू मुळ्याच्या वाफ्यात वाकलेला होता. शेख वाफ्यांच्या कडेने हळूहळू चढत भिंतीपर्यंत गेले आणि तिथे उकिडवे बसले. भिंतीच्या पायथ्याशी एक दगड काढलेला होता. त्या भोकातून हातभर रुंदीचा चर निघाला होता, आणि तो सरळ वाफ्यांत येऊन पाटाला मिळाला होता. वर पालापाचोळा टाकलेला. शेखांनी काठीने पाला बाजूला केला. वास आला.

"धवळूकाका, हे काय आहे?"

धवळू उभा राहिला, हात झटकले. "खड्ड्याचं पानी हाय, साहेब. भरला व्हता ना दिवाळीच्या मागं."

"आणि ते बागेत सोडलं?"

"सोडलं नाही. खाली खडक हाय, खड्डा जिरवत नाही. चर काढला, तं पानी उताराकडं गेलं. उताराला बाग हाय. मी इचारलं व्हतं बाईंना."

सर आणि शेख माझ्याकडे पाहू लागले.

त्याने विचारलं होतं. मला तो प्रसंग लख्ख आठवला. मी नाकाला रुमाल लावून वीस पावलांवर उभी होते आणि तो म्हणत होता, "बाई, काढून टाकायचं कुठं? खालच्या अंगाला तर—" मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. मी म्हटलं होतं, "मला काही सांगू नकोस. कुठे नेतोस, कसं नेतोस, मला ऐकायचंसुद्धा नाही. उद्या सकाळी ते मला इथे दिसता कामा नये." आणि वळून निघून गेले होते. एकशे दहा मुलींच्या पोटातून पडलेलं ते सगळं माझ्या नजरेआड गेलं होतं. ते कुठे गेलं हे बघायला त्यानंतर चार महिने मी एकदाही आले नव्हते. त्याचीच भाजी मी पंगतीत वाढली होती, "पानात टाकायची नाही" असं बजावून.

"हो," मी म्हटलं. "त्याने विचारलं होतं."

मी भिंतीला हात टेकून तिथेच ओकले.

त्याच दिवशी संध्याकाळी जानकीला उलट्या सुरू झाल्या. पोट नगाऱ्यासारखं ताणलं, हात लावू देईना. शेख अजून आवारातच होते. त्यांनी पोटावर कान ठेवला आणि म्हणाले, "आतडं तुंबलंय. जंतांचा गोळा झालाय. हिला जिल्ह्याला न्यायला हवं, आत्ताच." शाळेच्या जीपमध्ये मी मागे बसले आणि तिला मांडीवर घेतलं. घाटात ती तीनदा ओकली, माझ्या मांडीवर, हातांवर. हिरवं पाणी आणि त्यात ते. एकदा तिचा श्वास अडकल्यासारखा झाला. तोंडात बोट घालून मी एक ओढून काढला. तो बोटांभोवती गुंडाळला गेला, गार आणि गुळगुळीत. तसल्या स्पर्शाने मी एरवी किंचाळले असते. मी तो खिडकीतून फेकला आणि पुन्हा तिच्या तोंडात बोट घातलं.

ऑपरेशन झालं. सर्जनांनी मला बाहेरून बोलावून एक स्टीलचं तसराळं दाखवलं. काठोकाठ भरलेलं. "एवढ्याशा आतड्यातून हे निघालं," ते म्हणाले. "सकाळपर्यंत थांबला असतात, तर पोर हाती लागली नसती." मी मान वळवली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी जानकीचा बाप आला. देवराम भोये. पाड्यावरून फाट्यापर्यंत चालत, मग दोन एसट्या बदलून. वाटेत तो शाळेत जाऊन आला होता. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, झोपलेल्या लेकीकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून हात जोडले.

"बाई, मास्तरांनी समदं सांगितलं. आमच्या घरची घाण पोरीच्या पोटात गेली. बायकोला मी लई बोललो. ती रडती घरी. दोनदा घर सारवलं तिनं, भांडी राखेनं घासली. तुमी आमच्या पोरीपायी तीन दिस इथं बसला. आमाला माफी करा."

तो माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे झाले.

खैरनार सरांचा निरोप मला आदल्या दिवशीच मिळाला होता. बागेचं कुठे बोलू नका, चर बुजवून घेतला आहे, अहवाल पूर्वीसारखाच जाईल, तुमच्या नोकरीचा विचार करा. मी विचार केला होता, आणि गप्प बसायचं जवळजवळ ठरलंही होतं. तो माणूस वाकला नसता तर कदाचित गप्प बसलेही असते.

"देवराम, घरचं नाही ते," मी म्हटलं. "तुमच्या बायकोचा काही दोष नाही."

मी सगळं सांगितलं. खड्डा, चर, वाफे. तो खाली बसून ऐकत होता.

"पोरी ती भाजी खात व्हत्या?"

"हो."

"तुमाला ठाव नव्हतं?"

"नव्हतं."

"भिंतीमागंच तर हाय. चार महिन्यांत एकदा पन नाही गेल्या?"

"नाही गेले."

"का?"

सांगण्यासारखी कारणं पुष्कळ होती. एकशे दहा मुली, एकटी अधीक्षिका, कामाचा रगाडा. त्यातलं एकही खरं नव्हतं.

"किळस येत होती," मी म्हटलं.

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला तो शब्द कळला की नाही, मला सांगता येणार नाही. जानकी तेवढ्यात जागी झाली आणि पाणी मागू लागली. तिला चमच्याने दोन-दोन घोट द्यायची परवानगी होती. उशाशी वाटी होती. मी ती उचलली, चमचा भरला. देवरामने माझ्या मनगटाला न शिवता वाटीच्या तोंडावर आडवा तळहात धरला.

"राहू द्या."

त्याने वाटी माझ्या हातातून घेतली आणि मोरीत ओतली. नळाशी जाऊन वाटी आणि चमचा साबणाने घासला, मग स्वतःचे हात कोपरापर्यंत धुतले. नर्सकडून उकळलेलं पाणी मागून आणलं आणि लेकीला पाजलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नाकपुड्या तेवढ्या आवळलेल्या होत्या आणि ओठ घट्ट मिटलेले. आरशात तो चेहरा मी अनेकदा पाहिला होता.

पाणी पाजून झाल्यावर, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, "तुमी जा, बाई. बाकीच्या पोरी हायत तिथं."

मी गेले. नवा अहवाल लिहिला, खरं कारण लिहिलं, खैरनार सरांनी तो पुढे पाठवायला नकार दिला तेव्हा पोस्टाने टाकला. माझ्यावर ठपका आला, दोन वर्षांची वेतनवाढ थांबली. वाफे आम्ही खणून काढले आणि तिथली माती लांब नेऊन पुरली. ते काम मी उभी राहून करून घेतलं नाही, धवळूबरोबर पाटी उचलली. पहिल्या दिवशी दोनदा ओकले. तिसऱ्या दिवशी नाही.

जूनमध्ये देवराम जानकीचा दाखला न्यायला आला. तिला डोंगरापलीकडच्या दुसऱ्या शाळेत घालणार होता. तो फाटकाच्या आत आला नाही, म्हणून दाखला घेऊन मीच बाहेर गेले. जानकी त्याच्यामागे उभी होती. अंगाने भरलेली, केसांना तेल लावलेलं. मला बघून तिने हात मागे नेले नाहीत.

"पोट दुखतं का गं आता?" मी विचारलं.

"नाही." तिने बापाकडे एकदा पाहिलं आणि मग सरळ फ्रॉक वर केला. बेंबीच्या बाजूने उभा, जाड, गुलाबी व्रण होता, दोन्ही अंगांना टाक्यांचे ठिपके. "बाई, हितून काढले," ती म्हणाली. "पुष्कळ व्हते."

मी गुडघ्यांवर बसले आणि बघितलं.